पुटिकांची परीक्षा तिसगावातही व्हावी
टाटा स्मारक केंद्राच्या संचालकांस खुले पत्र

मा. संचालक,
टाटा स्मारक केंद्र, परळ, मुंबई यांस,


पाथर्डी तालुक्यातील तिसगावाहून हे पत्र आपणांस लिहीत आहे. आमचा मुलूख अवर्षणाचा. दसरा-दिवाळी सरली की कोयता आणि बिऱ्हाड घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागावे, हा इथल्या कित्येक घरांचा पिढीजात शिरस्ता. उभा जन्म वाकून ऊस तोडलेल्या माणसाची साठीनंतर कंबर धरली, तर ती कष्टाचीच कंबर असे घरचे समजतात आणि तोही समजतो. वीट तापवून शेक घेतला जातो, तेल चोळले जाते, लघवी तुंबू लागली तरी ती गोष्ट लेकीसुनांसमोर न काढण्यातच मर्यादा मानली जाते. आणि अखेर नगरच्या दवाखान्यात नळी घालून, रक्तातील पीएसए हे प्रथिन तपासून निदान होते, तेव्हा पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग मणक्यापर्यंत जाऊन पोहोचलेला असतो.

अशा रोग्याला उपायच नाही, असे मुळीच नव्हे. आपले रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी पुरुषी संप्रेरकाचा पुरवठा तोडल्यास हा रोग ओसरतो हे सिद्ध केले, आणि १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यासाठी वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया आजही गरिबाला परवडणारी आहे. परंतु कालांतराने रोग तिलाही जुमानीनासा होतो. मग अबिरॅटेरोन, एन्झालुटामाइड यांसारख्या महिनोन्महिने घ्यावयाच्या गोळ्या, नाहीतर डोसिटॅक्सेलची सलाइने, असा मार्ग उरतो. यांतील कोणते औषध आपल्या रोग्याला लागू पडणार नाही हे आधीच कळणे, ही श्रीमंताला सोय असेल. दावणीची गाय विकून औषध आणणाऱ्याच्या घरी मात्र सारा संसार त्यावर अवलंबून असतो.

पेशीबाह्य पुटिकांचे महत्त्व मला वाटते ते या ठिकाणी. पेशी आपल्या अंगातून अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर टाकतात. त्यांतील एक्सोसोम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पिशव्या साधारणतः ३० ते १५० नॅनोमीटरच्या असतात, आणि जासुदाच्या थैलीत खलिता असावा तशी त्यांत मूळ पेशीची प्रथिने व आरएनए असतात. पुरःस्थ ग्रंथीच्या अशा पुटिका स्वीडनमधील उप्सालाच्या गुन्नार रॉन्क्विस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकातच वीर्यात दाखविल्या होत्या. पुढे २०१७ साली इटलीतील संशोधकांनी ३६ रोग्यांच्या रक्तातील एक्सोसोममध्ये एआर-व्ही७ या संप्रेरकग्राहकाच्या खुरटलेल्या रूपाचा आरएनए शोधला. संप्रेरक जेथे चिकटते तो भागच या रूपात नसतो, म्हणून संप्रेरकाची वाट अडविणारे औषध तेथे फिके पडते. आणि हा आरएनए ज्यांच्यात आढळला, त्यांचा रोग त्या गोळ्यांना दाद न देता लवकर बळावला. २०१९ साली उंदरांवरील प्रयोगांत तर असे दिसले की, गाठीने सोडलेल्या एक्सोसोमवरील पीडी-एल१ हे प्रथिन नाहीसे केले, तर शरीराची प्रतिकारशक्ती त्या गाठीवर उलटते. या पुटिका रोगाची बातमी देतात आणि त्याचा बचावही करतात.

अर्थात, ३६ रोग्यांवरून सर्वांसाठी नियम ठरत नाही, आणि उंदराला लाभले ते माणसाला लाभेलच असे नाही. कर्करोगावर पुटिकांचे कोणतेही मान्यताप्राप्त औषध आज अस्तित्वात नाही. तरीही ‘एक्सोसोम उपचारा’च्या जाहिराती आता खेड्यातील मोबाइलवरही येऊन पोहोचतात, त्याविषयी आपल्या संस्थेने मराठीत एक स्वच्छ इशारा प्रसिद्ध करावा, ही विनंती मी येथेच करून ठेवतो.

मुख्य विनंती निराळी आहे. अमेरिकेत मूत्रातील एक्सोसोमची चाचणी वापरात आहे. ग्रंथीचा तुकडा काढून तपासण्याची गरज आहे की नाही, हे ठरविण्यास तिची मदत होते. ती बेतली गेली तिकडच्या पुरुषांवर. भर उन्हात ऊस तोडणाऱ्या आणि दिवसभरात पुरेसे पाणीही न मिळणाऱ्या माणसाचे मूत्र दाट असते. दाट मूत्रात मूत्रपिंडाकडून येणाऱ्या एका प्रथिनाची जाळी बनते आणि पुटिका तीत अडकून राहतात. नमुना किती वेळात थंड केला, पुटिका कोणत्या रीतीने वेगळ्या केल्या, यावरही निष्कर्ष पालटतो. मग मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत येणाऱ्यांच्याच नमुन्यांवर उद्याची भारतीय कसोटी ठरली, तर ती आमच्या माणसांना कितपत लागू पडेल?

महाराष्ट्राला या बाबतीत पूर्वपीठिका आहे. बार्शीला १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, आणि त्यानंतर तेथील स्त्रियांतील गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक लवकरच्या अवस्थेत उघडकीस येऊ लागला. माणूस दारापर्यंत गेला म्हणजे काय घडते, याचा हा दाखला आपल्याच दफ्तरी असेल.

सबब माझा अर्ज असा की, पुटिकांवरील आपल्या यापुढील अभ्यासात पाथर्डी-शेवगावसारख्या कोरडवाहू तालुक्यांतील पुरुषांचा रीतसर समावेश करण्याची तजवीज व्हावी, नमुने शीत ठेवून नेण्याची व्यवस्था नगर येथे व्हावी, आणि ज्याचा नमुना घेतला त्याला त्याचा निष्कर्ष मराठीत समजावून सांगितला जावा. ऊसतोडीच्या टोळ्या परत येतात त्या उन्हाळ्यात. पहिली फेरी तेव्हा ठेवावी, म्हणजे माणसे घरी सापडतील.



आपला विश्वासू,
तिसगाव (ता. पाथर्डी) येथील एक रहिवासी