शजरा बगदादचा, कागद दर्यापूरचा

लग्नाची बोलणी सुरू झाली की आपल्याकडे हमखास शजरा निघतो. कुणाचं खानदान बगदादचं, कुणाचं बुखाऱ्याचं. अचलपूरचं, दर्यापूरचं, बाळापूरचं मात्र कुणीच नसतं! आपल्याला ‘बाहेरचे’ म्हणून हिणवणारे तरी वेगळं काय सांगतात? दोघांचा नकाशा एकच आहे, आणि तो चुकीचा आहे.

वऱ्हाडच्या पहिल्या सुलतानाचंच घ्या. १४९० मध्ये इमादशाही स्थापन करणारा फतहुल्लाह इमादुल्मुल्क अरब नव्हता, तुर्कही नव्हता. विजयनगरच्या कन्नड हिंदू घरातला हा मुलगा लढाईत कैद होऊन वऱ्हाडात आला, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. त्यामुळे त्याची सुलतानी कमी झाली नाही. मग पिंजारी, बागवान, मोमीन पणजोबांमुळे आपल्याला कसला कमीपणा? कुणाचं घराणं खरोखर बाहेरून आलंही असेल. त्यांच्याही पुढच्या साऱ्या पिढ्या इथल्याच काळ्या मातीत गेल्या.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, राजापेठेत राहतो. वंशवृक्षाची अ‍ॅप्स मुख्यतः आडनावावर चालतात. अमरावतीच्या मतदार यादीत ‘शेख’ किंवा ‘खान’ शोधून पाहा, काय हाती लागतं ते! आपला खरा धागा गाव आहे. गाव कळलं की तालुका कळतो, तालुका कळला की दप्तर सापडतं.

दप्तरंही भूगोलानेच विखुरली आहेत. १८५३ पर्यंत वऱ्हाडावर निजामाचा अंमल, मग इंग्रजांचा ताबा, १९०३ मध्ये मध्य प्रांताशी जोडणी, १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र. म्हणून एका घराचे कागद शोधायला हैदराबाद, नागपूर आणि तहसील अशी तीन दारं वाजवावी लागतात. फारसी, मोडी, मराठी, इंग्रजी, सगळ्याच लिप्या समोर येतात. तेव्हा पोरांनो, उर्दूसोबत मोडीही शिका.

हा रिकामटेकड्यांचा छंद नाही. ओबीसीच्या जात पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ आहे. ‘पिंजारी’ हा शब्द सापडला तो गावच्या कोतवाल बुकात, त्यांच्या जन्माच्या नोंदीत. २०२५ मध्ये उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांवरून अमरावती-अकोल्यात गदारोळ उठला, तेव्हा बगदादचा शजरा कुणाच्या कामी आला?

शजऱ्यात बहुतेक वेळा बायकांची नावंच नसतात. म्हणून नानीला तिचं माहेर विचारा, दादीला तिच्या आईचं गाव विचारा. कोतवाल बुक, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, जुना सातबारा यांच्या नकला काढा. पणजोबा आले कुठून, हा वाद नंतर घाला. ते कुठल्या कबरस्तानात दफन आहेत, एवढं तरी आधी शोधा.