चांदीपुरा मेंदूज्वर : ना लस, ना औषध, हातात असतात फक्त काही तास

पावसाळा लागला की गावागावांत डेंग्यू-मलेरियाची चर्चा सुरू होते. पण लहान मुलांच्या जिवावर याहून झपाट्याने उठणारा एक आजार आहे, आणि त्याला नाव महाराष्ट्रातल्याच गावाचं आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा इथल्या तापाच्या रुग्णांमध्ये पुण्याच्या शास्त्रज्ञांना हा विषाणू सापडला.

२००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ दगावली. त्या वर्षी महाराष्ट्रातही बळी गेले. २०२४ मध्ये जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, त्यात ८२ मृत्यू. सर्वाधिक फटका गुजरातला बसला. यातल्या ६४ जणांना चांदीपुराच झाल्याचं तपासणीत पक्कं झालं.

खरी लढाई वेळेशी

अचानक जोराचा ताप, उलट्या, मग झटके आणि बेशुद्धी. अनेक मुलं २४ ते ४८ तासांत जातात. या विषाणूवर खास औषध नाही. झटके थांबवणं, मेंदूची सूज उतरवणं, श्वास सांभाळणं, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. आणि हे उपचार उपकेंद्रात होत नाहीत, त्यासाठी मोठं रुग्णालय लागतं.

म्हणजे गाव ते मोठं रुग्णालय हे अंतर इथे जीव वाचवतं किंवा घेतं. ‘रात्रभर बघू, सकाळी नेऊ’ म्हणण्यात किंवा ‘बाहेरचं झालंय’ म्हणून मांत्रिकाकडे जाण्यात नेमके तेच तास जातात.

काही जिल्ह्यांत मुलांना जपानी मेंदूज्वराची लस देतात. ती चांदीपुरावर चालत नाही. त्यामुळे ‘लस झालीय’ म्हणून गाफील राहून चालणार नाही.

माशी भिंतीच्या भेगेत

हा आजार मुख्यतः वाळूमाशी चावल्याने होतो. ही माशी डासापेक्षाही लहान, साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरते. मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठ्यातली ओल, शेणाचे ढीग हा तिचा मुक्काम. ती लांब उडत नाही, म्हणजे धोका घराच्या आसपासच असतो. रुग्णाजवळ बसल्याने हा आजार पसरत नाही, तेव्हा त्या घराला वाळीत टाकायचं कारण नाही.

रुग्ण सापडल्यावर रस्त्याने धूर सोडून काम झालं असं समजणं म्हणूनच अपुरं आहे. धूर विरतो, माशी भेगेत राहते. भेगा लिंपणं, शेणखत घरापासून दूर टाकणं आणि घर-गोठ्याच्या भिंतींवर आतून कीटकनाशक फवारणं, ही कामं पावसाआधीची आहेत. लिंपणं घरच्यांच्या हातात आहे, फवारणी ग्रामपंचायत आणि आरोग्य विभागाने वेळेत करायची आहे.

ग्रामसभेत विचारा

फवारणीची तारीख कोणती? रात्री दोन वाजता मुलाला झटके आले आणि १०८ ची गाडी लांब असेल, तर गावातली कोणाची गाडी निघणार? मुलांना सांभाळणारा, व्हेंटिलेटर असलेला सगळ्यात जवळचा सरकारी दवाखाना कोणता?

ही उत्तरं आशाताईंकडे, अंगणवाडीत आणि पंचायतीच्या फळ्यावर आधीच लिहिलेली हवीत. ताप चढल्यावर शोधाशोध करायला हा आजार वेळ देत नाही.