आधी पाण्याची वही, मग प्रवाळ

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ही आता केवळ मोठ्या शहरात जाऊन पाहण्याची गोष्ट राहिलेली नाही. कृत्रिम समुद्री मीठ, पाणी खेळते ठेवणारे छोटे पंप आणि एलईडी दिवे मिळू लागल्यापासून काही घरांत, आणि क्वचित शाळेच्या प्रयोगशाळेतही, अशी टाकी दिसते. टाकी बसली, तळाशी वाळू व खडक आले, पाणी नितळ झाले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "सुरुवातीला कोणते प्रवाळ सोपे?"

हा प्रश्न चुकीचा नाही. पण तो अवेळी विचारला जातो. त्याच्या आधीचा प्रश्न असा आहे: "आपल्या टाकीतील पाणी स्थिर झाले आहे काय, आणि ते आपण कशावरून म्हणतो?" याचे उत्तर वहीतील आकड्यांनी देता येत नाही, तोवर टाकीत प्रवाळ घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भौतिकशास्त्र शिकविणाऱ्याने प्राण्यांच्या कारभारात लक्ष का घालावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण साधे आहे. टाकीतील प्रवाळाचे जगणे मोठ्या प्रमाणात घनता, तापमान आणि प्रकाश यांवर अवलंबून असते, आणि या तर आमच्याच विषयातील राशी आहेत.

प्रवाळ म्हणजे सराफाच्या दुकानातील पोवळे, एवढीच पुष्कळांची कल्पना असते. ते पोवळे म्हणजे एका प्रवाळाचा सांगाडा होय. जिवंत प्रवाळ हा प्राणी आहे. नळीसारखे शरीर, वरच्या टोकाला तोंड आणि तोंडाभोवती स्पर्शकांचे वलय, अशी त्याची रचना असते. असे शेकडो जीव एकमेकांना जोडून वसाहत करतात. उथळ व उबदार समुद्रातील बहुसंख्य प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. म्हणजे या प्राण्याला पाणी प्राण्यासारखे लागते आणि प्रकाश वनस्पतीसारखा लागतो. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जरी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी ही भागीदारी मोडू लागते. शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. 2024 साली लक्षद्वीपच्या समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. अथांग समुद्रात जर एका अंशाची ही किंमत, तर आपल्या 50 लिटरच्या टाकीची काय कथा!

आता नव्या टाकीकडे वळू या. पाणी नितळ दिसते म्हणजे ते योग्य झाले, ही पहिली फसगत. माशांची विष्ठा आणि कुजणारे अन्न यांतून अमोनिया तयार होतो. तो विषारी आहे, आणि पाण्यात विरघळलेला असताना डोळ्यांना दिसत नाही. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे नसतात. खडकांवर आणि वाळूत त्यांची वाढ व्हायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. या काळात रोज चाचणी घेतली तर अमोनिया आधी चढतो व उतरतो, मग नायट्राइट चढते व उतरते, आणि शेवटी नायट्रेट वाढू लागते. आलेखकागदावर हे तीन वक्र काढून पाहा. न दिसणाऱ्या जीवांची वस्ती कशी उभी राहते, हे त्या कागदावर दिसेल. मात्र हा प्रयोग मासे न घालता करावा. चिमूटभर माशांचे खाद्य पाण्यात कुजू दिले तरी अमोनिया मिळतो.

दुसरी राशी क्षारतेची. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात. समजा, टाकीत असे 50 लिटर पाणी आहे आणि रोज अर्धा लिटर वाफ होऊन जाते. वाफ होते ती पाण्याची. मीठ मागेच राहते. दहा दिवसांत 5 लिटर पाणी गेले, तर 50 लिटरातील मीठ 45 लिटरात आले. 35 ला 50 ने गुणा व 45 ने भागा. उत्तर जवळजवळ 39 येते. टाकी तीच, मीठ तेवढेच, पण प्रवाळाच्या दृष्टीने समुद्र बदलला. म्हणून उणे झालेले पाणी रोज भरून काढावे, आणि ते गोड्या, शुद्ध पाण्याने. खारे पाणी ओतणारा मिठात मीठ घालत असतो.

मापन करतानाही सावध असावे. 25 अंश सेल्सिअसला 35 ग्रॅम क्षारांच्या समुद्रपाण्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे 1.023 ग्रॅम असते. त्याच पाण्याची तुलना त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्याशी केली, तर विशिष्ट गुरुत्व मात्र 1.026 येते. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण राशी निराळ्या आहेत. हा भेद न जाणता कोणी विशिष्ट गुरुत्व 1.023 वर आणून ठेवले, तर क्षार 35 ऐवजी 30 ते 31 ग्रॅमच राहतील. हायड्रोमीटर कोणत्या तापमानासाठी आखला आहे, हे त्याच्यावर वाचल्याशिवाय त्याचा आकडा वहीत लिहू नये.

तिसरी राशी तापमानाची. टाकी 24 ते 27 अंशांच्या दरम्यान राहावी. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत हे कठीण जाते. पाण्यावर पंखा सोडला की ते थंड होते, कारण बाष्पीभवनाला उष्णता लागते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेतली जाते. उपाय उत्तम आहे. पण पंख्याने बाष्पीभवन वाढले, की वर पाहिलेली क्षारताही वेगाने वाढते. एक राशी सावरायला जावे, तर दुसरी हलते. टाकी राखण्याचे कौशल्य ते हेच, आणि ते रोजच्या नोंदींवाचून येत नाही.

दोन-तीन महिन्यांच्या नोंदी स्थिर दिसू लागल्या, अमोनिया व नायट्राइट शून्यावर टिकले, म्हणजे "सोपे प्रवाळ कोणते" या प्रश्नाची वेळ आली. भूछत्रीसारखे दिसणारे चपटे मश्रूम प्रवाळ आणि चामड्यासारखे मऊ लेदर प्रवाळ यांना सोपे म्हणतात, त्याला कारण आहे. त्यांना अखंड दगडी सांगाडा बांधायचा नसतो. त्यामुळे दगडी प्रवाळांप्रमाणे पाण्यातील कॅल्शियम ते झपाट्याने ओढून घेत नाहीत, आणि मध्यम प्रकाशातही जगतात. यांपैकी एकच नमुना आणावा. नव्या दिव्याखाली तो आधी तळाशी, कमी प्रकाशात ठेवावा आणि काही आठवड्यांत हळूहळू वर न्यावा. दुसरा नमुना आणण्यापूर्वी पहिला महिनाभर नीट उमललेला दिसला पाहिजे.

बटणांच्या झुपक्यासारखे दिसणारे झोअँथिड हेही "सोप्या" यादीत असतात. शाळेच्या टाकीत ते नकोत, असे मी म्हणेन. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. हवाई बेटांवरील अशाच एका जातीतून ते वेगळे काढल्याचे 1971 साली प्रसिद्ध झाले. हातावर जखम असताना त्यांना स्पर्श करणे किंवा ते चिकटलेला खडक उकळणे, ही दोन्ही धोक्याची कामे आहेत. असे झुपके आपल्या कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही आढळतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

यावर शिक्षक म्हणतील, "तीन महिने नुसते पाणी मोजायला लावले, तर मुलांचा उत्साह मावळेल." आक्षेप खरा आहे. शालेय वर्ष लहान असते, आणि मुलांना रंग व हालचाल पाहायची असते. पण घाईने आणलेले प्रवाळ महिन्याभरात विरघळून गेले, तर मुलांच्या पदरी काय पडते? एक जीव गेला, आणि तो का गेला हे सांगायला हाती एकही आकडा नाही. शिवाय ज्याला आपण वाट पाहणे म्हणतो, तोच इथे प्रयोग आहे. आठवड्याची पाळी लावून चार-चार विद्यार्थ्यांच्या गटांना मोजमापे वाटून द्यावीत. सोमवारच्या गटाचा आकडा शनिवारच्या गटाच्या आकड्याशी जुळला नाही, तर पाणी बदलले की मोजणाऱ्याचा हात, याचा शोध वर्गात घ्यावा. असा तास पाठ्यपुस्तकातील दहा पानांच्या तोडीचा होतो.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. प्रवाळ आणायचे कोठून? किनाऱ्यावरच्या खडकावरून तर मुळीच नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे, समुद्रपंखे आदींना संरक्षण आहे. मुंबईत किनारी रस्त्याच्या कामासाठी हाजी अली व वरळी येथील प्रवाळ 2020 साली हलवावे लागले, तेव्हा महापालिकेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 सालापासून आहे. मऊ प्रवाळ घ्यायचे झाले, तरी ते दुसऱ्या टाकीतच वाढविलेल्या वसाहतीचा तुकडा असावे. कोठून आले याचे सरळ उत्तर विक्रेता देत नसेल, तर रिकाम्या हाताने परतावे.

कायद्याहून मोठे कारण इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाचा त्यात मोठा हात होता. त्याच्या पुस्तकांनी देशभर मत्स्यालयांचे वेड पसरले आणि लोक बरण्या घेऊन किनाऱ्यांवर लोटले. पुढे त्याचा मुलगा एडमंड याने 1907 साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत नोंदविले, की लहानपणी जीवांनी गजबजलेली खडकांतील डबकी या हौशी संग्राहकांनी उजाड केली. त्या लोकांना समुद्राचा द्वेष नव्हता, प्रेमच होते. पण त्या प्रेमाला मोजमाप नव्हते.

म्हणून, विद्यार्थी मित्रहो, तुमच्या शाळेत खाऱ्या पाण्याची टाकी येणार असेल, तर तिच्याबरोबर एक जाड वही आणा. पहिल्या पानावर तारीख, वेळ, तापमान, विशिष्ट गुरुत्व, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट असे रकाने आखा. ते रोज भरा, सुटीच्या दिवशीही. वर्षअखेरीस आकडे स्थिर झाले नाहीत, तर टाकी प्रवाळावाचून राहू द्या आणि वही पुढच्या वर्गाच्या हाती सोपवा.