शिंगरू मेलं हेलपाट्यानं

ही म्हण आपण सरकारी कचेरीत चकरा मारून कंटाळलो की वापरतो. तिचा मूळ अर्थ मात्र विसरलो. ओझं घोडीच्या पाठीवर असतं. शिंगराच्या पाठीवर काहीच नसतं. ते बिचारं आईमागे नुसतं जा-ये करतं आणि त्यातच मरतं. ज्यानं ही म्हण केली त्याला शिंगराचं अंग किती कोवळं असतं हे नीट ठाऊक होतं. आणि आपण? आपण दोन वर्षांच्या शिंगरावर ऐंशी किलोचा नवरदेव बसवतो, पुढे डीजे लावतो, आणि "काय नाचतंय बघा!" म्हणून नोटा ओवाळतो.

मंडळी, आज जरा कडक लिहिणार आहे. घरातल्या काही जणांना रुचणार नाही, पण येत्या लग्नसराईत आमच्याकडेच कार्य आहे, त्यामुळे आत्ताच बोललेलं बरं.

विश्रामबागेत राहणाऱ्याला वरातींचं नवल नाही. शंभर फुटी रस्त्यावर तिथी असेल त्या संध्याकाळी दोन-तीन तरी निघतात. त्यातल्या कितीतरी घोड्या वयानं लहान असतात, आणि हे ओळखायला पशुवैद्य लागत नाही. दात बघा. घोड्याचे पुढचे मधले दुधाचे दात साधारण अडीच वर्षांनी पडतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला आणि कडेचे साडेचारला. पाच वर्षांचा झाला की तोंड पूर्ण. दुधाचे दात लहान, पांढरेशुभ्र आणि मुळाशी निमुळते असतात. लगाम चावताना ते दिसतातच. तोंडात असे दात आणि पाठीवर नवरदेव दिसला की समजावं, शाळेतल्या पोराला हमाली लावली आहे.

कारण हाडं दातांपेक्षाही सावकाश भरतात. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरचा वाढीचा भाग पक्का व्हायला सुमारे अडीच वर्षं लागतात. पाठीचे मणके तर पाच-सहा वर्षांपर्यंत भरत असतात. आणि आपण वजन टाकतो ते नेमकं पाठीवर!

यावर ठरलेलं उत्तर येतं, "लहान आहे तोवरच मार दिला की सरळ होतं." इथंच तर घोडं पेंड खातं. मिरजेच्या पलीकडे एका वस्तीवर मी नाच शिकवताना पाहिलंय. दोन खांबांमध्ये दोन्ही बाजूंनी करकचून बांधलेलं शिंगरू, शेजारी ढोल, आणि पायांवर बसणारी काठी. पाय उचलला की काठी थांबायची. त्याला आपण नाच म्हणतो. ते शिंगरू ढोलावर ताल धरत नव्हतं, काठी चुकवत होतं. पुढे काठी नसली तरी ढोल वाजला की पाय आपोआप उचलला जातो.

लवकर शिकवू नये असं माझं म्हणणं नाही. शिकवायला जन्मापासूनच सुरुवात करावी, फक्त काय शिकवायचं ते कळावं. शिंगरू तासा-दोन तासांत उभं राहतं आणि आईला लुचतं. त्या पहिल्या चिकाच्या वेळी माणसानं लुडबुड करू नये. अमेरिकेत रॉबर्ट मिलर नावाच्या पशुवैद्यांनी जन्मल्या जन्मल्या शिंगराचं अंग अन् अंग हाताळायची पद्धत गाजवली, १९९१ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. पुढच्या अभ्यासांत तिचा टिकाऊ फायदा फारसा दिसला नाही. उलट २००५ साली फ्रेंच संशोधकांनी एक साधी गोष्ट दाखवली. पहिले पाच दिवस, रोज पाव तास, त्यांनी शिंगराला हातही न लावता फक्त त्याच्या आईला हळुवार ब्रश केलं. ती शिंगरं पुढेही माणसाला कमी बिचकली. आई निवांत, तर लेकरू निवांत. हे सांगायला फ्रान्स कशाला हवं, कुठलीही आजी सांगेल!

पुढचा क्रम सरळ आहे. काही आठवड्यांनी मऊ म्होरकी. रोज पाय उचलून खूर खरवडायची सवय, म्हणजे नालबंदाशी मारामारी होत नाही. चार-सहा महिन्यांनी दूध तोडायचं, तेही एकटं कोंडून नाही, दुसऱ्या शिंगराच्या सोबतीनं. वर्षाचं झालं की हातात दोर धरून रस्ता, गाड्या, पूल दाखवायचे. पुढे रिकामं खोगीर. तीन-चार वर्षांनंतर हलकं ओझं आणि पाच वर्षांनी पूर्ण काम. या कामाला आपल्याकडे चाबुकस्वार हा शब्द होता, तो अजून आडनावात टिकून आहे. नावात चाबूक असला तरी काम शिकवण्याचं होतं.

"घोडेवाल्याच्या पोटाचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. हरभरा, कडबा, नाल, सगळंच महाग, आणि चार वर्षं बसवून खायला घालणं सोपं नाही. पण घोडा पंचवीस वर्षं जगतो. दुसऱ्या वर्षी जुंपलेला आठव्या वर्षी लंगडला, तर पोट कुणाचं मारलं? आणि घोडेवाला घाई करतो ती आपल्यासाठी. नाचणारी, बारकी, स्वस्त घोडी आपणच मागतो.

कायदा आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात वयामुळे कामाला अयोग्य असलेलं जनावर जुंपणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. वरातीत एका मिनिटात याहून जास्त ओवाळणी होते.

घोडा गर्दीत राहूच शकत नाही असंही नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडचे माउलींचे अश्व दरवर्षी आपल्या मिरज-सांगलीवरूनच आळंदीला चालत जातात. पुढे वारीत, रिंगणात, माउलींचा अश्व पाठीवर स्वार नसताना, टाळमृदंगाच्या गजरात, हजारो माणसांच्या मधून धावतो. लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. त्या मातीला हात जोडणारे आपण दुसऱ्याच महिन्यात कोवळ्या शिंगराला डीजेपुढे उभं करतो, याची लाज वाटायला हवी.

असो. ताई, तू हे वाचशीलच. भाच्याच्या वरातीला घोडी ठरवाल तेव्हा तीनच गोष्टी बघा. दात पूर्ण आहेत का, डीजेपासून लांब उभी राहील का, आणि "नाचवू नका" म्हटल्यावर घोडेवाला तयार होतो का. एकाचंही उत्तर नाही आलं, तर पोराला चालत आणा. मांडव काही फार लांब नाही. त्याची पाठ भरलेली आहे, पायही धड आहेत.