हवेचाही विटाळ!

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आहे. एक चौकोन सरकारी, शेजारचा खाजगी. 1862 च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौकोन फुकट दिले, त्याचे हे फळ. (ज्या आदिवासींची ती जमीन, त्यांना कोणी विचारले नाही, हे वेगळे सांगायला नको.)

2021 मध्ये चार शिकारी एका सरकारी चौकोनाच्या कोपऱ्यावरून, शिडी टाकून, दुसऱ्या सरकारी चौकोनात उतरले. खाजगी मातीला पाय लागला नाही. तरी शेजारच्या धनाढ्य मालकाने खटला भरला. का? तर आमच्या हवेतून गेले! ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले, 2025 मध्ये अपील कोर्टानेही मालकाला नाकारले. आधार होता 1885 चा कायदा: सरकारी जमीन कोंडायची नाही.

शिकारीचे समर्थन मला करायचे नाही. प्रश्न वाटेचा आहे. चवदार तळेही 1924 मध्ये महाड नगरपालिकेच्या ठरावाने खुले झालेच होते. पाण्याला हात लावायला 1927 उजाडले, डोकी फुटली. मग सवर्ण कोर्टात गेले: तळे खाजगी आहे! तो दावा हायकोर्टात संपायला 1937 साल लागले.

आजही कित्येक गावांत आपल्या स्मशानभूमीची नोंद सातबारावर आहे आणि वाट मात्र कोणाच्या तरी बांधावर अडलेली आहे. कार्यकर्त्यांनी निवेदनाआधी भूमी अभिलेखातून गावनकाशा काढावा. मयत दारात असताना नकाशा शोधता येत नाही.