एकाच मिटिंगची दोन आमंत्रणं



तुमच्या मोबाईलमधलं कॅलेंडर जरा उघडून बघा. एकच मिटिंग दोनदा दिसतेय का? माझ्याकडे मध्यंतरी एकच ऑनलाइन प्रशिक्षण तीनदा दिसत होतं. एक शाळेच्या मेलवर, एक माझ्या स्वतःच्या मेलवर आणि एक मुख्याध्यापकांनी पुन्हा नव्याने पाठवलेलं. आपण काय करतो? दोन उडवतो, एक ठेवतो. आणि नेमकं चुकीचं ठेवतो!

माझं मत काहींना टोचेल, पण सांगतो. हा पसारा आवरायची जबाबदारी आमंत्रण मिळणाऱ्याची नाही, पाठवणाऱ्याची आहे. हे मी स्वतः चुकलो म्हणून म्हणतोय.

गेल्या वर्षी माझ्या वर्गाची ऑनलाइन पालकसभा होती, शनिवारी पाच वाजता. कॅलेंडरमध्ये नोंद केली, तिथली मीटची लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकली. नंतर वेळ सहा झाली. मी जुनी नोंद न बदलता सरळ नवी केली. नवी नोंद म्हणजे नवी लिंक. ग्रुपवर आता दोन्ही लिंक होत्या. एका विद्यार्थिनीची आई शेजारणीचा मोबाईल मागून बरोबर पाच वाजता जुन्या लिंकवर जाऊन बसली. पाऊण तास थांबली. सहाला आम्ही सगळे जमलो, तेव्हा मोबाईल शेजारणीकडे परत गेला होता. मुलीच्या वाचनाबद्दल मला त्यांच्याशीच बोलायचं होतं.

आता हे होतं कसं? कॅलेंडरमधल्या प्रत्येक नोंदीला एक ओळख क्रमांक असतो, आपल्याला तो दिसत नाही. गूगल असो की आउटलुक, आमंत्रणाची देवाणघेवाण 'आयकॅलेंडर' नावाच्या पद्धतीने होते. २००९ साली आलेल्या तिच्या नियमांत या क्रमांकाला 'यूआयडी' म्हटलंय. आपल्या जनरल रजिस्टरसारखंच समजा ना. मुलाचं आडनाव दुरुस्त केलं तरी रजिस्टर नंबर तोच, म्हणून मूल एकच. पण त्याच मुलाचं नाव नव्या नंबरवर पुन्हा लिहिलंत, तर पटावर दोन मुलं झाली! कॅलेंडरचंही तसंच आहे. मिटिंगचं नाव आणि तारीख सारखी असली तरी नंबर वेगळा म्हणजे त्याच्या लेखी मिटिंग वेगळी.

म्हणून वेळ बदलली की जुनी नोंद उघडा, पेन्सिलच्या खुणेवर बोट ठेवा आणि तिथेच बदल करा. सगळ्यांकडची वेळ बदलते, लिंक तीच राहते. चुकून दोन नोंदी झाल्याच, तर जादाची तुम्हीच काढा आणि पाहुण्यांना कळवायचं का असं विचारलं की 'हो' म्हणा. मिळणाऱ्याने काढली तर ती फक्त त्याच्याकडून जाते, बाकीचे तसेच अडकलेले.

मिळणाऱ्यांनीही एवढं बघावं. दोन मेल खाती एकाच मोबाईलवर असतील, तर एकच आमंत्रण दोनदा दिसू शकतं. तिथे काही उडवू नका, एका खात्याच्या कॅलेंडरसमोरची टिकमार्क काढा, झालं. आणि गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये, आपण उत्तर दिल्यावरच आमंत्रण कॅलेंडरमध्ये यावं, अशीही सोय आहे. ज्यांना दिवसाला दहा-दहा आमंत्रणं येतात त्यांनी ती जरूर वापरावी.

"एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ करता सर," असं एक सहकारी म्हणाले. त्यांच्याकडे स्वतःचा मोबाईल आहे, म्हणून ते असं म्हणू शकतात.

परवा सभेची वेळ पुन्हा बदलली. मी जुन्याच नोंदीत बदल केला आणि तरीही त्या ताईंना फोन लावला. म्हणाल्या, "लिंक जुनीच ना सर? मग येते मी."