गाडी आहे, मुक्काम कुठे?

पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला अल्गार्व नावाचा प्रांत आहे. युरोपात थंडी पडली की इंग्लंड, जर्मनी, हॉलंडमधली निवृत्त माणसे आपापली मोटारघरे घेऊन तिकडे मुक्कामाला येतात. मोटारघर म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. झोपायला बिछाना, चहाला शेगडी आणि मुख्य म्हणजे स्वतःचे स्वच्छतागृह. दोन-चार मित्रांची कुटुंबे शेजारी-शेजारी गाड्या लावतात, संध्याकाळी एकत्र जेवतात, कंटाळा आला की पुढे निघतात. हे ऐकले की आपल्याकडे लोक म्हणतात, ‘त्यांचे बरे आहे, पैसा आहे!’ मला मात्र वाटते, प्रश्न पैशाचा कमी आणि मुक्कामाच्या जागेचा जास्त आहे.

चाकांवरचे बिऱ्हाड वऱ्हाडाला नवे नाही. जत्रेला निघालेल्या बैलगाडीत पीठ-मीठ, तवा, घोंगडी आणि बैलांसाठी कडबा असे. चार घरच्या गाड्या सोबतीने निघत आणि रात्री विहिरीकाठी सोडल्या जात. बंजारा समाजाचा तर सारा इतिहासच लदेणीचा. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडे मुलुखभर फिरत. या समाजाची काशी म्हणून ओळखली जाणारी पोहरादेवी आपल्याच वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात आहे. फिरण्याची हौस आणि सोबतीची रीत आपल्याकडे होतीच आणि आजही आहे. हरवला आहे तो विहिरीकाठचा मुक्काम.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चार कुटुंबांनी, म्हणजे साठी ओलांडलेल्या आठ जणांनी, टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने घेतली आणि तीन दिवस आपलाच जिल्हा पाहिला. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे खोदवणारा वराहदेव हा याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ, कारंज्याला नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जैन मंदिरांनी जपलेली हस्तलिखिते, शेजारी कारंजा-सोहोळचे काळविटांचे अभयारण्य. दुपारी एका ओळखीच्या शेतात गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. हुरडा काही मिळाला नाही. सोयाबीन आणि तुरीच्या शिवारात ज्वारी शोधावी लागते. पण पत्त्यांचे डाव रंगले, जुनी भांडणे नव्याने निघाली आणि मिटलीही. या वयात अशी सहल म्हणजे नुसती मौज नसते. पुढच्या वर्षी आठही जण असतीलच, याची खात्री कोण देणार?

एक गोष्ट मात्र मनाला लागली. दुसऱ्या दिवसापासून बायकांनी पाणी पिणे कमी केले. कुणी तक्रार केली नाही, फक्त बाटल्या भरलेल्याच राहू लागल्या. वाटेत एके ठिकाणी स्वच्छतागृहाला कुलूप, दुसरीकडे आत पाणी नाही. आमच्यातल्या दोघींना मधुमेह आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकले, ‘पुढच्या वेळी तुम्ही पुरुषच जा.’ एका कुलपाने निम्मी मंडळी घरी बसणार असतील, तर पर्यटनाच्या गप्पा कशासाठी मारायच्या?

समृद्धी महामार्गाचे जवळपास ९७ किलोमीटर आपल्या जिल्ह्यातून जातात. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला, २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या बाजूचा शेवटचा टप्पाही खुला झाला. रस्ता उत्तमच आहे, पण मोटार तासाभरात जिल्हा ओलांडून जाते. पाहुण्याने थांबावे असे आपण काय ठेवले आहे? राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. गाड्यांबरोबर त्या उभ्या करण्याच्या जागांचाही त्यात विचार आहे. माझे म्हणणे एवढेच की, सुरुवात गाड्यांपासून नको, जागांपासून व्हावी.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा मोठी हॉटेले बांधा. पण हॉटेलाला बारमाही गिऱ्हाईक लागते आणि ते आधी यायला हवे. मुक्कामाला नळ, दिवा, राखणदार आणि स्वच्छ संडास एवढेच पुरते. माणशी ठरावीक शुल्क घेऊन ग्रामपंचायत किंवा बचत गट तो चालवू शकेल. गाडीत झोपणारा त्याचा उपयोग करील आणि एस.टी.ने आलेली बाईही करील.

शिस्त हवीच. पोर्तुगालमध्येही किनाऱ्यावर मिळेल तिथे गाड्या लागू लागल्या, तेव्हा २०२१ च्या सुरुवातीला रात्रीच्या मुक्कामावर कडक निर्बंध आले. त्याच वर्षी ते सैल करून, संरक्षित भाग वगळता, एका नगरपालिकेच्या हद्दीत ४८ तासांपर्यंत थांबण्याची मुभा दिली गेली. पाहुणा हवा आणि निसर्गही हवा, असे ज्याला वाटते त्याला नियमही करावे लागतात आणि जागाही द्यावी लागते.

आपल्या जिल्ह्यात तालुके सहाच : वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. प्रत्येक तालुक्यात असा एकच मुक्काम उभा राहिला, तरी चार मित्रांच्या कुटुंबांना घराबाहेर पडायला धीर येईल. आणि कुणाच्याही आईला प्रवासात तहान मारावी लागणार नाही.